मांजर फार पाणी पिऊ लागली, तर

मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा 45 अंशांच्या आसपास रेंगाळत असतो. कूलरपुढून कुणी हलत नाही आणि घरातला प्रत्येक जीव पाण्याच्या आसऱ्याने राहतो. अशा दिवसांत बारा वर्षांची मांजर मोरीतल्या बादलीत तोंड घालून पाणी पिताना दिसली, तर कुणाला नवल वाटत नाही. ‘उन्हाळा आहे, पिते पाणी’ म्हणून घरातले मोकळे होतात. पण पावसाळा लागला, वैनगंगेला पूर येऊन ओसरला, रोवणी आटोपली आणि तरीही ती तेवढंच पाणी पीत असेल, तर दोष उन्हाळ्याचा नाही. एव्हाना तिचं वजनही उतरलेलं असतं, पण अंगावरच्या केसांमुळे ते चटकन लक्षात येत नाही.

मांजर ही मुळात कमी पाणी पिणारी जात. पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातल्या रानमांजरांपासून ती आली. शिकार हेच त्यांचं अन्न आणि बरंचसं पाणीही शिकारीतूनच मिळायचं, कारण उंदराच्या शरीरात साधारण 70 टक्के पाणीच असतं. मिळालेल्या थेंबाचा कस काढायचा आणि लघवी होईल तेवढी दाट करून टाकायची, ही तिच्या मूत्रपिंडांची खासियत. म्हणून घरची धडधाकट मांजर दिवसभरात वाटीकडे फारशी फिरकत नाही. अशी मांजर सारखी पाण्यावर दिसू लागली आणि तिच्या मातीच्या पेटीतला ओला गोळा मोठा होऊ लागला, तर लघवी दाट करण्याचं काम कुठेतरी अडलं आहे. शरीरातून पाणी निसटतंय आणि ती पिऊन पिऊन त्याची भरपाई करते आहे.

इथे काही घरांत एक भलताच उपाय होतो. मांजर जागोजागी लघवी करते म्हणून पाण्याची वाटी उचलून ठेवतात. मूत्रपिंडाच्या आजारात याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. लघवी तर होतच राहते, फक्त भरपाई बंद होते आणि दोन दिवसांत मांजर कोरडी पडते. वाटी उचलू नका, उलट आणखी दोन ठेवा.

मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांना नेफ्रॉन म्हणतात. माणसाच्या एका मूत्रपिंडात त्या सुमारे 10 लाख, तर मांजरीच्या सुमारे 2 लाख. मेलेली गाळणी पुन्हा उगवत नाही. राइस मिलमधल्या दहा हमालांपैकी सहा काम सोडून गेले, तरी उरलेले चार धावपळ करून ट्रक वेळेवर भरून देतात आणि मालकाला काही कळत नाही. गाळण्यांचंही तसंच. साधारण दोन तृतीयांश निकामी झाल्या की लघवी पातळ होते. तीन चतुर्थांश गेल्यावर कुठे रक्तातलं क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य चढतं. म्हणजे रक्ताचा कागद आपल्या हाती येतो तेव्हा आजार बराच जुना झालेला असतो. गेलेलं परत आणता येत नाही, उरलेलं जपता येतं. या प्रकरणातलं सगळं त्या उरलेल्या चौथाईसाठी आहे.

दहा वर्षांपुढच्या मांजरींमध्ये हा आजार इतका सर्रास आहे की दर तिघींपैकी एकीला तो असतो, असं साधारण मानतात. आपल्या आजोबांच्या काळी याबद्दल कुणी बोलत नव्हतं, कारण धानाच्या कोठीवर उंदरांसाठी ठेवलेली मांजर दहा वर्षं जगतच नसे. कुत्रं, साप, रस्ता, साथ यांतलं काहीतरी तिला आधीच गाठायचं. आता मांजर घरात झोपते, तिला लसी टोचल्या जातात, नसबंदी होते आणि ती पंधरा-सोळा वर्षांची होते. म्हातारपण आलं की म्हातारपणाचे आजारही येतात. पर्शियन जातीची गोष्ट वेगळी. लांब केसांच्या, चपट्या नाकाच्या मांजरी नागपुराहून आता भंडारा-तुमसरलाही येतात. या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार आनुवंशिक आहे. त्यामागचा जनुकीय दोष 2004 साली सापडला आणि त्याची चाचणीही आहे. अशी मांजर आणली असेल, तर सात-आठ वर्षांची होईपर्यंत वाट पाहू नका, आधीच एकदा सोनोग्राफी करून घ्या.

आता तपासणी. भंडारा जिल्ह्यातल्या सरकारी पशुदवाखान्यांचा दिवस गाई-म्हशी, शेळ्या आणि कोंबड्यांत जातो. या जिल्ह्याची गरजच ती आहे, त्यात गैर काही नाही. तिथल्या डॉक्टरांना मांजर बघता येते, पण लघवीची घनता मोजायचं यंत्र किंवा मांजरीचा रक्तदाब घ्यायची सोय प्रत्येक ठिकाणी असेलच असं नाही. जवळचं मोठं ठिकाण म्हणजे नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. ते 1958 साली सुरू झालं आणि 2000 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा आज भाग आहे. भंडाऱ्याहून राष्ट्रीय महामार्गाने ते साठेक किलोमीटर पडतं, साकोलीहून शंभराच्या घरात. महिन्याला खेपा मारण्याजोगं हे अंतर नाही. म्हणून निदान आणि आखणी नागपूरला करून घ्यावी, पुढची देखरेख गावच्या डॉक्टरांकडे ठेवावी आणि दोघांना एकमेकांचे कागद दाखवावेत.

गावातल्या पॅथॉलॉजीतही क्रिएटिनिन होतं, आणि पुष्कळ डॉक्टर नमुना तिथेच पाठवतात. पण कागदावर आकड्याशेजारी छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा माणसांची असते. मांजरीचं क्रिएटिनिन 1.5 आलं की ठळक अक्षरात ‘जास्त’ असं छापून येतं आणि घरात रडारड होते. मांजरीसाठी 1.6 च्या आतला आकडा बहुतेकदा ठीक असतो. 1998 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटी या पशुवैद्यांच्या संघटनेने टप्पे ठरवून दिले आहेत. 1.6 ते 2.8 दुसरा टप्पा, 2.9 ते 5.0 तिसरा, त्यावर चौथा. पहिल्या टप्प्यात क्रिएटिनिन वाढलेलं नसतं, दोष लघवीत किंवा सोनोग्राफीत दिसतो. कुठलाही टप्पा एका आकड्यावर ठरवत नाहीत. मांजर कोरडी पडली असेल तर आकडा फुगतो. म्हणून आधी पाणी भरून काढायचं आणि काही दिवसांनी पुन्हा मोजायचं. हाडं निघालेल्या मांजरीत उलटं होतं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, स्नायूच झिजलेले असले की आकडा खोटा दिलासा देतो. अशा वेळी एसडीएमए नावाची चाचणी उपयोगी पडते. तीत मूत्रपिंडाची घसरण क्रिएटिनिनच्या आधी दिसू शकते आणि तिच्यावर स्नायूंचा परिणाम होत नाही.

लघवीची घनता 1.035 च्या वर असेल तर मूत्रपिंडांत दम आहे. ती 1.010 च्या आसपास अडकून राहिली तर नाही. ती रिफ्रॅक्टोमीटरनेच मोजावी. माणसांसाठीच्या कागदी पट्टीवरचा घनतेचा चौकोन मांजरीच्या बाबतीत भरवशाचा नसतो. रक्तदाबही मागून घ्यायलाच हवा. 160 च्या वर राहणारा रक्तदाब मूत्रपिंडांना आणखी झिजवतो आणि एखाद्या सकाळी मांजर आंधळी होऊन भिंतीला धडकते, कारण डोळ्यामागचा पडदा सुटलेला असतो. त्यावर अॅम्लोडिपीनसारखं साधं औषध आहे. लवकर दिलं तर नजर वाचू शकते.

खूप पाणी पिणं आणि रोड होणं मधुमेहातही असतं, थायरॉईड वाढल्यावरही असतं. थायरॉईडवाली मांजर खाते खूप आणि तरी वाळते. लक्षणांवरून घरबसल्या निदान करू नये ते यासाठीच. आणि एक तातडीची गोष्ट: बोका पेटीत पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो आणि लघवीचा थेंब येत नाही, हा वेगळाच प्रकार आहे. मार्ग तुंबलेला असतो, एक-दोन दिवसांत जीव जातो. त्या रात्रीच डॉक्टर गाठायचा.

मूत्रपिंडाच्या पथ्याची गोष्ट एका कुत्र्यापासून सुरू होते. अमेरिकेत मॉरिस फ्रँक नावाच्या अंध गृहस्थाकडे बडी नावाचं वाटाड्या कुत्रं होतं. त्याची मूत्रपिंडं बिघडली तेव्हा 1939 च्या सुमारास डॉ. मार्क मॉरिस या पशुवैद्याने त्याच्यासाठी खास अन्न बनवलं. ते पुढे 1948 मध्ये डब्यांतून विकायला आलं आणि त्यातूनच आजच्या ‘रीनल’ आहारांचा धंदा उभा राहिला. धंदा म्हटलं की संशय येतो, आणि यावाही. पण पुरावा बघितला तर हे पथ्य टिकतं. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या 2000 सालच्या अभ्यासात पथ्याचं अन्न खाणाऱ्या मांजरींचं निदानानंतरचं मध्यक आयुष्य 633 दिवस निघालं, न खाणाऱ्यांचं 264. त्यात एक खोट होती. पथ्य न घेणाऱ्यांत ज्यांनी ते अन्न नाकारलं त्या मांजरीच होत्या, म्हणजे वाटणी समसमान नव्हती. ही खोट अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 2006 साली झालेल्या अभ्यासाने भरून काढली. 45 मांजरी चिठ्ठी टाकल्यासारख्या दोन गटांत वाटल्या आणि दोन वर्षं पाहिल्या. साध्या अन्नाच्या गटात 26 टक्के मांजरींना रक्तात विष साचण्याचा झटका आला, पथ्याच्या गटात एकीलाही नाही. एखाद्या गोळीचा असा निकाल आला असता तर तिच्यासाठी रांगा लागल्या असत्या.

या अन्नात विशेष असं काय असतं? मुख्य म्हणजे फॉस्फरस कमी. थकलेलं मूत्रपिंड फॉस्फरस बाहेर टाकू शकत नाही. तो रक्तात साचतो, त्याला आवरायला गळ्याजवळच्या ग्रंथी जादा संप्रेरक सोडतात, हाडांतून कॅल्शियम ओढलं जातं आणि उरलेल्या गाळण्याही लवकर मरतात. दुसऱ्या टप्प्यातल्या मांजरीचा रक्तातला फॉस्फरस 4.6 च्या आत ठेवायचा असतो, तिसऱ्यात 5 च्या आत. प्रथिनं मात्र बेताची करायची, बंद नव्हे. माणसाच्या डायलिसिस वॉर्डातलं ऐकून मांजरीचं मांस तोडणारे लोक आहेत. मांजर पक्की मांसाहारी आहे. अन्नातून प्रथिनं मिळाली नाहीत तरी तिचं यकृत प्रथिनं जाळायचं थांबत नाही, ते तिचेच स्नायू जाळू लागतं. शिवाय टॉरिन हे द्रव्य तिला मांसातूनच मिळतं आणि त्याच्या कमतरतेने हृदय मोठं होतं, हे 1987 साली सिद्ध झालं आहे. शाकाहारी घरात मांजर पाळणाऱ्यांनी एवढं मनावर घ्यावं.

आता आपल्या जिल्ह्यातल्या मांजरीच्या ताटलीत काय पडतं ते पाहू. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे मामा तलाव म्हणतात, त्यातले कितीतरी कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधले-राखले आणि ढिवर बांधव त्यात जाळी टाकतात. रोहू, कतला, बारीक मासोळी आणि झिंगे बाजारात येतात. माणसं मधला तुकडा खातात, मांजरीला डोकं, कल्ले, काटे. धडधाकट मांजरीला ते चालून जातं. पण फॉस्फरसचा साठा हाडांतच असतो, आणि मासळीवाल्याकडून कौतुकाने आणलेलं डोकं म्हणजे या आजारात सर्वांत चुकीचा भाग. सुकी मासोळी त्याहून वाईट, कारण काटे सगळे, पाणी काहीच नाही, वर मीठ. कच्ची मासोळी तर कुठल्याच मांजरीला रोज नको. रोहू-कतला ज्या कार्प कुळातले, त्यातल्या अनेक माशांत बी-1 जीवनसत्त्व फोडणारं विकर असतं. शिजवलं की ते निकामी होतं. काट्याविना उकडलेला रोहूचा तुकडा मात्र भूक मेलेल्या मांजरीला ताटलीपाशी आणणारा चांगला मोह आहे. औषध म्हणून नाही, आमिष म्हणून तो वापरावा.

दूधभात हे मराठी घरातलं मांजरीचं ठरलेलं जेवण. गाईच्या 100 मिलिलिटर दुधात साधारण 90 मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, आणि मोठ्या मांजरींना बहुधा दूध पचत नाही, जुलाब होतात. जुलाब म्हणजे आणखी पाणी गेलं. भाताचं तसं काही वाकडं नाही. 100 ग्रॅम शिजलेल्या भातात 40 मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस आणि ताकद बऱ्यापैकी. चिन्नोरचा मऊ भात मांजर आवडीने खाते, पण तो भर म्हणूनच, मुख्य अन्न म्हणून नाही. आता अंडं. पिवळ्यात 100 ग्रॅमला जवळपास 390 मिलिग्रॅम फॉस्फरस, पांढऱ्यात फक्त 15 च्या आसपास. उत्तम प्रतीचं प्रथिन, जवळपास फॉस्फरसविना, आणि ते गावातल्या प्रत्येक किराणा दुकानात मिळतं! पांढरं उकडूनच द्यायचं. कच्च्यातलं एक द्रव्य बायोटिन शोषू देत नाही. बिनहाडाच्या कोंबडीत 100 ग्रॅमला 200 मिलिग्रॅमच्या घरात फॉस्फरस असतो. चमचाभर साजूक तूप किंवा कोंबडीची चरबी घातली की फॉस्फरस न वाढता ताकद वाढते, आणि मांजरीला चरबी आवडतेही.

हे वाचून कुणी लगेच पातेलं चुलीवर चढवतील, म्हणून थांबवतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुपोषणतज्ज्ञांनी 2012 साली पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या, मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीच्या घरगुती पाककृती तपासल्या. त्यातली एकही सर्व पोषणद्रव्यांत पुरी पडली नाही. कोंबडी, भात, अंड्याचं पांढरं आणि तूप ही ताटली आठवडाभर तोंडाला चव आणायला छान आहे. महिनोन्‌महिने द्यायची तर टॉरिन, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं डॉक्टरांच्या हिशेबाने घालावीच लागतात. ज्यांना परवडतं आणि मिळतं त्यांनी तयार रीनल अन्न घ्यावं. रॉयल कॅनिन, हिल्स, फार्मिना यांचं ते भारतात मिळतं, नागपूरहून आणता येतं किंवा ऑनलाइन मागवता येतं. कोरड्या दाण्यात 10 टक्क्यांपेक्षा कमी पाणी असतं, ओल्या पाउचमध्ये 75-80 टक्के. म्हणून जमेल तेवढं ओलं द्यावं. कोरडंच परवडत असेल तर त्यावर कोमट पाणी घालावं. पूर्ण महिन्याचं परवडत नसेल तर अर्धं रीनल आणि अर्धं घरचं, हेही काहीच नसण्यापेक्षा बरं.

आणि या सगळ्याच्या वरचा नियम: पोट आधी, पथ्य नंतर. मांजरीला उपास सोसत नाही. दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही की अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते आणि मूत्रपिंड राहिलं बाजूला, यकृतच मांजरीला घेऊन जातं. ‘भूक लागली की खाईल आपोआप’ हे वाक्य म्हशीच्या बाबतीत खरं असेल, मांजरीच्या नाही. नवं अन्न समोर ठेवून जुनं बंद करायचं आणि तिची परीक्षा पाहायची, हा हट्ट जीवघेणा ठरतो. जुन्यात चिमूटभर नवं मिसळून सुरुवात करा आणि तीन-चार आठवडे, गरज पडली तर दोन महिने घ्या. ती मळमळत असताना, दवाखान्यातून नुकतीच आल्यावर किंवा घरात पाहुणे असताना नवं अन्न सुरू करू नका. मळमळीसोबत खाल्लेलं अन्न मांजर कायमचं टाकते. त्याच कारणाने कडू गोळी पथ्याच्या अन्नात लपवायची नाही. गोळीसाठी वेगळा, चोरटा घास ठेवावा.

मळमळ ओळखायला उलटी व्हायलाच हवी असं नाही. ताटलीपाशी येते, हुंगते, ओठ चाटते, मान वळवून निघून जाते, ती मळमळ. यावर उलटी थांबवणारी आणि भूक लावणारी औषधं आहेत, पशुवैद्य ती देतात. त्यांच्याशिवाय निव्वळ आग्रहाने भरवत राहणं म्हणजे दोघांचाही छळ. अन्न फ्रिजमधून काढल्या काढल्या देऊ नये. अंगाच्या उष्णतेइतकं कोमट केलं की वास सुटतो, आणि मांजर आधी नाकाने खाते. आपल्या उन्हाळ्यात ओलं अन्न अर्ध्या तासाच्या वर ताटलीत ठेवू नका. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. सावजीचा रस्सा, कांदा-लसणाची फोडणी घातलेलं काहीही, बोट बुडवून चाटवण्यापुरतंही नाही. कांदा-लसणाने मांजरीच्या तांबड्या पेशी फुटतात आणि या रुग्णांत रक्त आधीच कमी असतं.

पथ्यानेही फॉस्फरस उतरला नाही तर अन्नात मिसळायची फॉस्फरस बांधणारी पूड येते. ती जेवणासोबतच द्यायची, रिकाम्या पोटी दिलेली वाया जाते. मान खाली झुकून राहिली, मागचे पाय लटपटले तर पोटॅशियम उतरलेलं असू शकतं. त्याचंही औषध आहे.

पाण्याच्या वाट्या घरात चार ठिकाणी ठेवा, अन्नापासून आणि पेटीपासून लांब. पितळेच्या भांड्यांसाठी नाव मिळवलेल्या गावात राहून सांगतो, मांजरीला स्टीलची किंवा काचेची पसरट वाटीच द्या. काहींना मिशा काठाला घासलेल्या खपत नाहीत, काहींना मोरीतला टपकता नळच हवा असतो. टपकू द्या.

तिसऱ्या टप्प्यापासून पुष्कळ मांजरींना कातडीखाली सलाईन लागतं. लोक याला सगळ्यात जास्त घाबरतात आणि घरी सगळ्यात सहज जमतं तेही हेच. बाटली बहुतेकदा रिंगर लॅक्टेटची. किती आणि कितीदा हे डॉक्टर ठरवतात. चार किलोच्या मांजरीला एका वेळी शंभरेक मिलिलिटर हे नेहमीचं माप. डेक्स्ट्रोजची बाटली कातडीखाली चालत नाही, लेबल दोनदा वाचा. थंडीत बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी ऊबदार करावी. नळीतली हवा काढून टाकावी. मांजरीला मांडीवर किंवा टेबलावर आपल्याकडे पाठ करून बसवावं. दोन्ही खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलली की तळाशी एक पोकळी तयार होते. त्या पोकळीत, पाठीला समांतर, सुई एका झटक्यात घालायची. हळूहळू टोचलं तर जास्त दुखतं. चाक उघडलं की थेंब धावू लागतात आणि खांद्यावर मऊ फुगवटा येतो. पाच-दहा मिनिटांत काम होतं. सुई काढल्यावर जागा क्षणभर दाबून धरावी. फुगवटा तासाभरात एका पायाकडे घसरतो आणि काही तासांत मुरतो, घाबरायचं कारण नाही. केस ओले झाले तर सुई आरपार गेली आहे. प्रत्येक वेळी नवी सुई, आणि वापरलेल्या सुया पत्र्याच्या डब्यात साठवून दवाखान्यात परत. पहिल्या दोन-तीन वेळा डॉक्टरांसमोर करून दाखवा. आधीचं पाणी मुरलेलं नसताना पुढचं देऊ नका, आणि श्वास जोरजोरात चालू लागला तर थांबून लगेच फोन करा. हृदय कमजोर असलेल्या मांजरीला जादा पाणी मारतं.

काय द्यायचं नाही याची यादी छोटी आहे, पण कडक. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांनी मूत्रपिंडं बंद पडतात. जनावरांना दिलेल्या ज्या डायक्लोफिनॅकमुळे देशातली गिधाडं संपत आली, तीही मूत्रपिंडं निकामी होऊनच मेली. 2006 साली सरकारने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली ती म्हणूनच, पण माणसांच्या औषधांच्या डब्यात ती गोळी आहेच. घरातल्या म्हाताऱ्यांच्या गुडघेदुखीचा डबा मांजरीसाठी कधीही उघडू नका. कुळथाचा काढा आणि मुतखड्याच्या आयुर्वेदिक बाटल्या माणसाच्या खड्यासाठी आहेत. मांजरीचा हा आजार खड्याचा नाहीच मुळी. फुलदाणीतली लिली घराबाहेर काढा, तिचे परागकण अंगावरून चाटले तरी मूत्रपिंडं जातात.

जपानमध्ये तोरू मियाझाकी या संशोधकाने 2016 साली दाखवलं की मूत्रपिंडातला कचरा साफ करायला मदत करणारं एआयएम हे प्रथिन मांजरीत नीट कामाला येत नाही. 2021 मध्ये पैशाअभावी काम अडल्याची बातमी आली, तेव्हा तिथल्या मांजरप्रेमींनी टोकियो विद्यापीठाकडे देणग्यांची रीघ लावली. औषध बाजारात येईल तेव्हा येवो. तोवर ताटली, वाटी आणि बाटली हीच साधनं.

घरी ठेवायची नोंद सोपी आहे. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच काट्यावर वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणि वर एक टोपली पुरते. माणसाच्या काट्यावर तिला उचलून उभं राहण्यात शे-दीडशे ग्रॅमची चूक होते, आणि चार किलोच्या मांजरीत दीडशे ग्रॅम म्हणजे बरंच झालं. पेटीत राइस मिलचं तूस वापरत असाल तर ते फुकट आणि स्वच्छ असतं, पण त्यात लघवी किती झाली ते कळत नाही. आजारी मांजरीसाठी वाळू किंवा गोळा होणारी माती बरी. शौचाला खडा होत असेल तर तेही लिहा. कोरड्या पडणाऱ्या मांजरीला बद्धकोष्ठ होतो आणि तेवढ्यानेच ती खाणं सोडते.

या काळजीवर दुसऱ्या टप्प्यातल्या मांजरी कित्येक वर्षं काढतात. चौथ्या टप्प्यातल्या महिने, कधी आठवडे. तोंडात फोड, श्वासाला लघवीसारखा वास, औषध देऊनही अन्नाकडे पाठ, कुणी हात लावला तर अंग आक्रसून घेणं, असे दिवस चांगल्या दिवसांहून जास्त झाले की डॉक्टरांशी शेवटाबद्दल स्पष्ट बोलावं. भूल देऊन वेदनेविना मरण देणं कायद्याने आणि वैद्यकाने मान्य आहे, आणि ते मागणाऱ्या माणसाची माया कमी नसते. सलाईन वाढवत नेऊन आठवडाभर लांबवलेलं मरण मला तरी दया वाटत नाही.

घरात दहा वर्षांपुढची मांजर असेल, तर या रविवारी तिचं वजन करा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात ते शंभर-दीडशे ग्रॅमने उतरलेलं दिसलं, तर उन्हाळ्यावर ढकलू नका. रक्त, लघवी आणि रक्तदाब, तिन्ही तपासून घ्या.